बर्फातले भोक उघडे ठेवताना

पाण्यावर बर्फाचा पहिला पापुद्रा धरायला किती वेळ लागतो, हे मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स सरोवरावर, जानेवारीतल्या एका पहाटे, शून्याखाली २२ अंश सेल्सिअस तापमानात, मासेमारीसाठी नुकत्याच पाडलेल्या आठ इंची भोकातला सगळा चुरा मी झाऱ्याने काढून टाकला आणि पाणी काळेभोर, नितळ झाल्यावर त्यावर विजेरी धरून शेजारी बसून राहिलो. तीन-चार मिनिटांत कडेला बारीक सुया दिसू लागल्या. दुधावर साय धरते तशी ही साय सगळीकडून एकदम येत नाही. ती भोकाच्या भिंतीला धरून निघते, एकेक सुई आतल्या बाजूला सरकत जाते, मग दोन सुयांमधली जागा भरते आणि पाहता पाहता मधोमध रुपयाएवढे पाणी उरते. बारा मिनिटांनी तेही मिटले. टिचकी मारली तर फुटेल इतका तो पापुद्रा पातळ होता, पण गळाचा दोरा त्याने घट्ट धरून ठेवला होता. खाली बावीस फुटांवर एखादा मासा आमिषाला तोंड लावून निघून गेला असता, तरी वर मला काही कळले नसते.

मी मूळचा रायगड जिल्ह्यातला. लहानपणी वडिलांबरोबर कुंडलिकेच्या काठी गळ टाकून तासन्‌तास बसलो आहे, त्यामुळे माशाची ओढ जुनी आहे. गेली तेरा वर्षे मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो आणि त्यातले अकरा हिवाळे शनिवार-रविवारी गोठलेल्या तळ्यांवर काढले आहेत. गावाकडे थोरले काका फोनवर विचारतात, "अरे, एकदा भोक पाडलंस की मग त्यात करायचं काय उरतं? बसायचं आणि गळ टाकायचा!" त्यांना फोनवर जे नीट सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे. भोक पाडायला दोन मिनिटे लागतात. ते राखायचे काम दिवसभर पुरते. कुंडलिकेवर पाणी आमच्यासमोर आपोआप वाहत होते, इथे ते पुन्हा पुन्हा मिळवावे लागते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मिल लॅक्स मिनियापोलिसच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरहून अधिक, पण खोली कुठेही ४२ फुटांपेक्षा जास्त नाही. म्हणजे हे एक अवाढव्य, उथळ ताट आहे. साधारण डिसेंबरात ते गोठते आणि कडक हिवाळ्यात बर्फाची जाडी दोन फुटांच्या वर जाते. मग त्यावर रस्ते आखले जातात, गाड्या चालतात आणि मासेमारीच्या छोट्या घरांची वस्ती उभी राहते. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेनुसार पायी चालायला किमान ४ इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा. लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच हवा. उन्हाळ्यात एका माणसाला एकच गळ टाकता येतो, हिवाळ्यात बर्फातून दोन टाकता येतात. सगळ्यांना हवा असतो तो वॉलआय, १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा. तो पहाटे आणि दिवेलागणीला खातो, आणि नेमक्या त्याच दोन वेळांना थंडी दुपारपेक्षा बोचरी असते. भोक राखण्याची खरी परीक्षा त्यामुळे मासा येण्याच्या घटकेलाच होते.

या कामाची बहुतेक हत्यारे मराठी माणसाला नावानिशी ओळखीची आहेत, आणि मला याचे फार अप्रूप वाटते. भोक पाडायचे ऑगर म्हणजे सुताराचे गिरमिटच, फक्त माणसाच्या कमरेइतके उंच. हाताने फिरवायचे असते तसे बॅटरीवर चालणारेही असते. बर्फ ठोकून पाहायला आणि कडा फोडायला लागते ती पहार, टोकाला छिन्नीसारखी धार असलेली. आणि चुरा काढायला लागतो तो चक्क झारा: लांब दांडा आणि बुंदीच्या झाऱ्यासारखी भोके असलेली वाटी. पहिल्या वर्षी मी घरातला पुऱ्या तळायचा झारा घेऊन गेलो होतो आणि त्याने काम उत्तम झाले. दांडा आखूड असल्यामुळे हात मात्र पाण्यात भिजला, आणि त्या थंडीत ओला हातमोजा म्हणजे दिवस संपल्यासारखाच.

हे सगळे मला शिकवले ते आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी. माझी मुलगी त्यांना आजोबाच म्हणते आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून त्यांनाही तो आवडतो. त्यांचे पहिले वाक्य मला अजून आठवते: "दोऱ्याकडे नंतर बघ, आधी भोकाकडे बघ."

आता मूळ मुद्दा. एवढ्या मोठ्या तळ्यात पाणी गोठत नाही आणि भोकातले मात्र मिनिटांत गोठते, याचे कारण समजले की पुढचे उपाय आपोआप सुचतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. शरद ऋतूत तळे थंड होत जाते तेव्हा थंड पाणी खाली बसते. सगळे तळे ४ अंशांच्या आसपास आले की त्याहून थंड पाणी हलके असल्यामुळे वरच राहते, शून्याला पोचते आणि गोठते. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो तरंगतो आणि खालच्या पाण्यावर गोधडीसारखा पसरतो. बर्फ जितका जाड तितकी आतली ऊब सावकाश बाहेर पडते, म्हणूनच महिनाभराच्या थंडीतही तळे तळापर्यंत गोठत नाही. आपण भोक पाडतो तेव्हा या गोधडीला छिद्र पाडतो, आणि तेवढ्या गोल तुकड्यावर पाणी आणि हवा यांच्यात काहीही आड उरत नाही.

आठ इंची भोकातून शून्याखाली २० अंशांच्या हवेत, मंद वाऱ्यात किती उष्णता जाते याचा मी ढोबळ हिशेब केला. तो बारा ते पंधरा वॅटच्या घरात येतो. घरी रात्री लावायचा तो जुना झिरोचा दिवा जेवढी वीज खायचा, जवळपास तेवढीच. तेवढ्या ऊर्जेने तासाला साधारण अर्धा सेंटिमीटर बर्फ धरतो, आणि वारा वाढला की हा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. खाली कोट्यवधी लिटर पाणी चार अंशांच्या जवळपास असताना एका झिरोच्या दिव्याएवढी ऊब वर का येऊ नये, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. उत्तर असे की ते उबदार पाणी जड आहे, ते आपणहून वर येत नाही. बर्फाखालचे पहिले काही इंच पाणी जवळजवळ शून्याचेच असते. तळ्यात ऊब आहे, पण ती भोकाच्या तोंडापर्यंत पोचत नाही. म्हणून भोक तापवण्याच्या मागे लागणे मला चुकीचे वाटते. जाणारी ऊब जाऊ न देणे हे खरे काम आहे. अकरा हिवाळ्यांत मी जे काही शिकलो ते सगळे याच्याच अवतीभवती फिरते.

आणि भोक गोठते ते नुसते वरून नाही. ही गोष्ट मी एक मासा गमावून शिकलो. तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मी दर दहा मिनिटांनी मधला पापुद्रा इमानदारीने फोडत होतो आणि पाणी उघडे आहे म्हणून समाधानात होतो. अंधार पडता पडता दोरा जड झाला. मासा मोठा होता. पाच-सहा मिनिटे त्याच्याशी ओढाताण करून मी त्याला भोकाच्या तोंडाशी आणले, विजेरीच्या उजेडात त्याचा तो दुधी, चकाकणारा डोळा मला दिसला, आणि त्याचे डोके वरच्या कडेला अडकले. सकाळी आठ इंचांचे पाडलेले भोक वरच्या बाजूला पाच इंचांवर आले होते. मी खाली वाकून बोट घालेपर्यंत त्याने एक हिसका दिला, दोरा बर्फाच्या धारेवर घासला आणि तुटला. गळ तोंडात घेऊन तो मासा गेला याचे मला फार वाईट वाटले, अजूनही वाटते. मासा हातचा गेल्याचे दुःख त्यापुढे काहीच नाही.

का झाले ते नंतर आजोबांनी पहारीच्या टोकाने दाखवले. दोन फूट जाड बर्फाचा तळ शून्य अंशावर असतो, पण वरचा थर हवेइतका गार होत जातो. त्यामुळे भोकाची भिंत खाली जवळजवळ तशीच राहते आणि वर मात्र आतल्या बाजूला वाढत येते. भोकाला उपड्या नरसाळ्याचा आकार येतो. बर्फ पाण्यावर तरंगतो तेव्हा त्याचा सुमारे बारावा भाग पाण्याच्या वर राहतो, म्हणजे साठ सेंटिमीटर बर्फात पाच सेंटिमीटरची कोरडी भिंत उरते, आणि तिच्या अगदी खालीच, पाण्याच्या रेषेवर, ही वाढ सर्वांत जोरात होते. पापुद्रा फोडण्यापेक्षा ही कड तासणे जास्त महत्त्वाचे. मी आता अर्ध्या तासाने पहारीची धार भिंतीला समांतर धरून गोल फिरवत कड खाली उतरवतो आणि सुटलेले तुकडे लगेच झाऱ्याने बाहेर काढतो. पहार दोऱ्यापासून लांब धरायची, शक्य असेल तर आधी दोरा वर घ्यायचा. या गडबडीत दोरा कापून बसलेले लोक मी प्रत्येक हिवाळ्यात पाहतो.

तुकडे बाहेर काढायचे, हे मी मुद्दाम लिहितो आहे. नवखा माणूस पापुद्रा फोडतो आणि चुरा तसाच पाण्यात राहू देतो. तो चुरा म्हणजे अर्धे झालेले काम असते. प्रत्येक कणाभोवती नवा बर्फ धरतो आणि थोड्याच वेळात सगळ्याची घट्ट लापशी होते, जी पापुद्र्यापेक्षा कितीतरी चिवट असते. झारा पाण्यात हळूच खाली घालायचा, मनगटाने एक वळसा द्यायचा, म्हणजे कडेचा चुरा मधे येतो, मग सरळ वर उचलायचा आणि पाणी निथळू द्यायचे. काढलेला चुरा भोकाच्या तोंडाशी न टाकता हातभर लांब टाकावा, नाहीतर तिथे उंचवटा गोठतो आणि गुडघा टेकायला जागा राहत नाही.

ऊब जाऊ द्यायची नाही, याच कारणासाठी भोकाभोवतीचा भुसभुशीत बर्फ फावड्याने साफ करण्याच्या मी विरोधात आहे. साफसूफ जागा दिसायला चांगली दिसते आणि जवळजवळ प्रत्येक जण आल्या आल्या तेच करतो. परंतु पडलेला हिम हे निसर्गाने दिलेले सर्वांत चांगले पांघरूण आहे, कारण त्यात हवा कोंडलेली असते. तो खरवडून काढला की त्याखालचा कठीण बर्फ उघडा पडून अधिक गार होतो, भोकाची भिंत गार होते आणि नरसाळे लवकर आवळते. मी पायापुरती जागा मोकळी करतो आणि उरलेला हिम उलट भोकाभोवती वीतभर उंच रचून ठेवतो. त्या आळ्यामुळे वाराही थेट पाण्यावर येत नाही.

त्या आळ्यावर झाकण ठेवले की अर्धी लढाई जिंकली. मी घराच्या भिंतीत घालतात त्या दोन इंच जाडीच्या फोमच्या पाटातून फूटभर रुंदीची चकती कापली आहे. एका बाजूने मध्यापर्यंत चीर दिली आहे, म्हणजे दोरा पाण्यात असतानाच चकती सरकवता येते. वरची बाजू काळी रंगवली आहे, कारण फेब्रुवारीतले ऊन तिरपे असले तरी काळ्या रंगाला ते पुरते. ही चकती नीट बसली तर शून्याखाली १५ अंशांतही दीड-दोन तास पाणी उघडे राहते आणि काढून पाहिले तर कडेला फक्त केसासारख्या सुया असतात. घोंगडी अंगाला ऊब देत नाही, अंगाची ऊब राखते, हे आपल्याकडे धनगराच्या पोरालाही माहीत असते. आपल्याकडचा बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो, तेव्हा तोही हेच करतो, फक्त उलट्या बाजूने.

भुशावरून एक गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरून कापलेला बर्फ १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कलकत्त्याला पाठवला. १८० टन निघाला, चार महिन्यांच्या उष्ण समुद्रप्रवासानंतर सुमारे १०० टन पोचला. पुढे तो मुंबईलाही येऊ लागला आणि तिथे त्याच्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. गोठलेल्या तळ्यावर गुडघे टेकून फोमचे झाकण बसवताना, असाच तळ्याचा बर्फ कधीकाळी निव्वळ चांगल्या पांघरुणाच्या जोरावर आमच्या मुंबईपर्यंत पोचला होता, हे मनात आले की मला त्या झाकणाबद्दल जास्तच आदर वाटतो.

दोन गळांपैकी दुसऱ्यासाठी बहुतेक लोक टिप-अप वापरतात. ते आडवे ठेवायचे साधन असते. त्याचे रीळ पाण्याखाली राहते आणि मासा लागला की वरची छोटी पताका ताडकन उभी राहते. त्याचा गोल, तबकडीसारखा प्रकार भोकावर झाकणासारखाच बसतो. रीळ पाण्यात असल्यामुळे दोरा गोठत नाही, आणि तबकडीच्या कडेला चारी बाजूंनी हिम दाबला की भोकही तगते. लाकडी फुलीसारखा जुना प्रकार मला मनापासून आवडतो, पण त्यात भोक उघडे राहते, म्हणून तो मी शून्याखाली पाच-सात अंशांपर्यंतच लावतो.

घरात, म्हणजे तंबूत किंवा चाकांवरच्या मासेघरात, हा सगळा प्रश्न जवळजवळ सुटतो. वारा थांबतो, गॅसची शेगडी हवा शून्याच्या वर ठेवते आणि भोक दिवसभर उघडे राहते. तरीही दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. शेगडी पेटलेली असताना हवा आत-बाहेर जायला वाट हवी आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा हवीच हवी. त्या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. दुसरे असे की शेगडी भोकाच्या अगदी शेजारी ठेवू नये. तिथला वरचा बर्फ वितळून डबके होते, रात्री शेगडी विझली की ते डबके घराच्या पायांसकट गोठते आणि सकाळी घर जागचे हलत नाही. म्हणून लोक घराखाली लाकडी ठोकळे घालतात.

मोठा हिमवर्षाव झाला की याहून वेगळेच संकट येते. हिमाच्या वजनाने बर्फाचे सगळे तावदान किंचित खाली दबते आणि पाणी जिथे वाट मिळेल तिथून वर येते; आपले भोक ही सर्वांत सोपी वाट. बुटांच्या वर पाणी येईपर्यंत कळत नाही, कारण वरून पांढरे हिम जसेच्या तसे दिसते आणि खाली चिखलासारखी लापशी झालेली असते. अशा दिवशी मी भोकांची संख्या कमी ठेवतो आणि जागा बदलतो. पाण्याशी भांडण्यात अर्थ नसतो.

रात्रभर भोक ठेवायचे असेल तर बूच मारावे लागते. फोमची जाड चकती भोकाच्या मापापेक्षा किंचित लहान कापून आत पाण्यावर तरंगत ठेवायची, तिला दोरी बांधून वर काठीला अडकवायची, त्यावर दुसरी मोठी चकती, त्यावर बादली पालथी आणि बादलीवर हिमाचा ढीग. सकाळी ढीग उकरला की आतल्या चकतीभोवती बोटभर जाडीचे कडे धरलेले असते. पहारीचे चार ठोके बसले की ते सुटते. मात्र असे अर्धवट मिटलेले भोक पुन्हा उघडायला गिरमिट वापरू नये. पाती जुन्या भोकाच्या कडेला अडकतात, बॅटरीचे यंत्र असेल तर हातालाच पीळ बसतो, आणि पात्याचा तुकडा पडतो तो वेगळाच. पहारीने जमत नसेल तर दोन हात सोडून नवे भोक पाडावे.

ओजिब्वे या मूळ अमेरिकन लोकांची मिल लॅक्सच्या काठावर फार जुनी वस्ती आहे आणि बर्फातून भाल्याने मासे मारण्याची त्यांची रीत आजही चालू आहे. मी एकदा तशा काळोख्या तंबूत पाहुणा म्हणून बसलो होतो. भोक आपल्यासारखे गोल नव्हते, लहान दारासारखे चौकोनी होते. तंबूत उजेडाचा कण नाही, आणि खालून, बर्फातून झिरपलेल्या दिवसाच्या उजेडाने पाणी हिरवट उजळलेले. त्यात माशांना भुलवण्यासाठी सोडलेला लाकडी मासा दोऱ्यावर संथपणे गोल फिरत होता. एवढ्या मोठ्या भोकावर पापुद्रा लवकर धरेल असे मला वाटले होते, पण यजमानांनी तंबूच्या कडांना बाहेरून हिम इतका घट्ट दाबला होता की आत वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि तासाभरात त्यांनी झारा फक्त एकदा उचलला.

जे करू नये तेही सांगतो. काही लोक भोकात मीठ टाकतात. मिठाने गोठणबिंदू उतरतो हे खरे, पण खारे पाणी जड असते, ते सरळ तळाला जाते आणि भोकाच्या तोंडाशी पुन्हा गोडेच पाणी उरते. म्हणजे काम होत नाही आणि तळे मात्र बिघडते. एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोडे पाणी कायमचे दूषित करायला पुरेसे असते, असे मिनेसोटात शाळेपासून शिकवले जाते. गाडीचे अँटिफ्रीझ किंवा खाद्यतेल ओतणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो, कारण त्याच पाण्यातला मासा त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी घरी शिजणार असतो. गरम पाण्याला माझा विरोध नाही. थर्मासमधले थोडे पाणी गोठलेला दोरा सोडवायला फार कामी येते, दोऱ्याला इजा न होता. पण भोक उघडे ठेवण्यासाठी किटल्या ओतत बसणे व्यर्थ आहे. गरम पाणी वरच तरंगते आणि आपली ऊब हवेला देऊन मोकळे होते.

पाणी हलवून भोक उघडे ठेवता येते का? येते, आणि धक्क्यांजवळ लोक पंप किंवा हवेचे बुडबुडे सोडणारी यंत्रे लावून तेच करतात. खालचे किंचित उबदार पाणी वर ढकलले जाते. उथळ तळ्यांत जाड हिमामुळे उजेड आत जात नाही, प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात, तिथेही अशी यंत्रे लावून पाण्याचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवला जातो. परंतु त्याच्या आसपासचा बर्फ फसवा, पातळ असतो. तिथे सूचनेच्या पाट्या लावलेल्या असतात आणि त्या पाट्यांपासून लांब राहण्यातच जिवाची सुरक्षितता आहे. आपल्या आठ इंची भोकासाठी गळाचे शिसे अधूनमधून दोन-तीन फूट वर-खाली करणे एवढे ढवळणे पुरे. मासाही त्यानेच जवळ येतो.

सीलची गोष्ट मुलीला फार आवडते. अंटार्क्टिकातले वेडेल सील श्वासासाठी ठेवलेली भोके दातांनी बर्फ खरवडून उघडी ठेवतात, आणि त्यात त्यांचे दात झिजत जातात; उत्तरेकडचे रिंग्ड सील तेच काम पुढच्या पायांच्या नखांनी करतात. ते मधला पापुद्रा फोडून थांबत नाहीत, कडा खरवडतात. मला तिसऱ्या हिवाळ्यात मासा गमावून कळले ते त्यांना जन्मतः ठाऊक असते.

२०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की मिनेसोटात बऱ्याच तळ्यांवर पाऊल टाकण्याजोगा बर्फच धरला नाही. त्या वर्षी आम्ही घरीच बसलो आणि थंडीला नावे ठेवण्याची माझी सवय तेव्हापासून सुटली. मागच्या फेब्रुवारीत मात्र दोन फूट बर्फ होता. आजोबांना आता गुडघ्यांमुळे वाकवत नाही, म्हणून ते खुर्चीवर बसतात आणि झारा मुलीच्या हाती असतो. दांड्याला त्यांनी जुन्या लोकरी मफलरची पट्टी गुंडाळून दिली आहे. दर दहा मिनिटांनी ती गुडघे टेकते, चकती सरकवते, एक वळसा देऊन कडेचा चुरा मधे आणते, उचलते, निथळू देते आणि लांब फेकते. सूर्य मावळताना पताका उभी राहिली. मी दोऱ्याकडे धावलो, तर ती म्हणाली, "बाबा, थांबा, कड बघू द्या." तिने पहार मागितली, ती तिला पेलत नव्हती म्हणून आम्ही दोघांनी धरली, कड गोल तासली, चुरा काढला. वॉलआय अठरा इंचांचा निघाला आणि कुठेही न अडकता वर आला.

निघताना आम्ही प्रत्येक भोकात झाडाची एक एक फांदी उभी करतो, म्हणजे रात्री चालत येणाऱ्या माणसाचा पाय अर्धवट गोठलेल्या भोकात जात नाही. शेवटची फांदी लावली तेव्हा पहिल्या भोकातली फांदी बर्फाने धरलीसुद्धा होती. मुलीने ती हलवून पाहिली, ती हलली नाही, आणि आम्ही गाडीकडे चालू लागलो.